उजवी पाकळी

खालची वाडी, मालगुंड
४ फेब्रुवारी २००१

कु. स्वानंदी सोहनी,

पत्र तेजलच्या हॉस्टेलच्या पत्त्यावर टाकतोय. तुझ्या पद्मजाआत्याच्या दारात माझं अक्षर गेलं तर ती आधी पाकीट उन्हात धरून बघेल आणि मग तुला देईल, किंवा देणारच नाही. तेजलला म्हणावं, तू वाचलंस तरी चालेल. लपवण्यासारखं यात काही नाही.

मी कॉलेज सोडलं. तू निरोप धाडलास की राग चार दिवसांत उतरतो, पाचव्या दिवशी ये. माझा नाही उतरत. त्या लॅबमध्ये मी पुन्हा पाय ठेवणार नाही, मग एस.वाय. गेलं खड्ड्यात.

सरांचं मला काही वाटलं नाही, असं लिहिणार होतो. वाटलं. परीक्षानळीत पांढरा साका बसला होता, शिसं की चांदी एवढंच ठरवायचं होतं आणि मी गरम पाणी घालून बघणारच होतो. तेवढ्यात मागून येऊन म्हणतात, "काय गुरव, कौल लावताय काय? उजवा पडला तर शिसं, डावा पडला तर चांदी?" आणि तो अनिश, खांद्यावर ॲप्रन टाकून, हात जोडून, आमच्या गाऱ्हाण्याच्या सुरात ओरडला, "होय महाराजाऽऽ!" अख्खी बॅच हसली.

सरांना कौलाचं सांगितलं कोणी? अनिशने. आणि अनिशला मी. कँटीनमध्ये एकदा त्याने विचारलं, तुम्ही गुरव लोक देवळात नक्की करता काय? मी भाबड्यासारखा सगळं सांगत बसलो. देवीच्या दगडावर दोन्ही खांद्यांना दोन ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, माणसाचा प्रश्न देवीला सांगायचा आणि थांबायचं. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. माझे बाबा हेच करतात, आजोबांनी हेच केलं. तू त्या बाकावर होतीस. तुमच्या घरची विहीरसुद्धा कौल लावून खणली, हे तू हसतहसत सांगितलंस तेव्हा अनिश तुला काही बोलला नाही. सोहनींची पोर कौल मानते तर ती श्रद्धा आणि मी लावतो तर तमाशा.

तर मी स्टँड फेकला. सगळ्या नळ्या फुटल्या. अनिशच्या कानाखाली वाजवली, त्याचं मला आजही बरं वाटतं.

पण स्वानंदी, तू हसलीस. सगळ्यांचं ठीक आहे, ते माझे कोण? तू माझी प्रॅक्टिकलची जोडीदार. दीड वर्ष एका बर्नरवर आपण हात भाजून घेतले. मी वळून बघितलं ते फक्त तुझ्याकडे, आणि तुझे दात दिसत होते.

का हसलीस ते कळव. नाही कळवलंस तरी चालेल.

महिपत


खालची वाडी
२७ मार्च २००१

स्वानंदी,

तुझं पत्र आलं. पोस्टमन दादूने ते मला रस्त्यात, चार माणसांसमोर, "घे रे महिपत, रत्नांग्रीचं सुगंधी पाकीट" म्हणून दिलं. सुगंध वगैरे काही नव्हता. मी बघितलं.

तू म्हणतेस तू हसली नव्हतीस, घाबरलीस की तुझं तोंड तसं होतं. लहानपणी आजोबा गेले तेव्हाही सगळ्यांना वाटलं ही पोर हसतेय, आणि आईने फटका दिला. मी यावर विश्वास ठेवावा असं तुझं म्हणणं. बरं, ठेवला. असं कोणी खोटं रचणार नाही.

इकडचं सांगतो. शिमग्याच्या तोंडावर बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, तोंड वाकडं झालं. पालखी दारावर आलेली आणि गुरव अंथरुणात. गावकऱ्यांनी मला उभा केला. पंधरा दिवस पालखीसोबत फिरलो. घराघरांत गाऱ्हाणं घातलं. पहिल्या घरी शब्द अडकले तर म्हातारी गंगुबाई मागून म्हणाली, "घाल रं, चुकलास तरी आईला कळतंय." तुमच्या अंगणातही आलो होतो. तुझ्या आप्पांनी पालखी नाचवली, या वयात. तू नव्हतीस. आत्याने सोडलं नाही वाटतं.

तर आता पूजा माझ्याकडे, कौलही माझ्याकडे. आणि ऐक, मी काय केलं. बंद दारामागे देवीच्या बाजूचा दगड घेतला, जास्वंदीच्या पाकळ्या ओल्या करून चिकटवल्या आणि बघत बसलो. पुन्हा पुन्हा, आठ दिवस. पाकळी पाण्यावर चिकटते, पाणी सुकलं की पडते, एवढंच. आणि आपल्या देवळात समई उजव्या हाताला असते. तिच्या उष्णतेने उजवी बाजू आधी सुकते! म्हणून वाघजाई माणसांना जास्त करून हो म्हणते. सरांना जाऊन सांगावंसं वाटलं. मग आठवलं की मी कॉलेज सोडलंय.

बाबांनी पाहिलं मला. तोंड वाकडं झालंय तरी शिवी सरळ येते. "मुडद्या, देवळात प्रॅक्टिकल मांडलंस? आई आजारी हाय काय, तिची नाडी बघतोस?" मी म्हटलं बाबा, समई उजवीकडे का ठेवतात? तर म्हणाले, "डावीकडनं वारा येतो म्हणून. ईजते. अक्कल न्हाय?" आणि मग हसत राहिले, अर्ध्या तोंडाने. फार दिवसांनी हसले.

परवा बाबांची औषधं आणायला रत्नागिरीला आलो होतो. कॉलेजवरून गेलो नाही. म्हणजे गेलो, पण रिक्षातून. रिक्षावाल्याला म्हटलं जरा हळू घे. गेटाशी तेजल होती, तू नव्हतीस.

डिसेंबरमध्ये आपण ती पुण्याच्या ऑनर्सची परीक्षा दिली होती, तिचं काय झालं? मला काही पडलेलं नाही. तुझ्यासाठी विचारतोय.

मही


खालची वाडी
९ मे २००१

स्वानंदी,

यादीचं कळवलंस. तू तिसरी. मी सतरावा, वीस जागांत. ते वाक्य तू खाली रेघ मारून लिहिलंस, "तुझंही नाव आहे, मही." मी ते पान घेऊन खाडीपर्यंत चालत गेलो. कालवं काढणाऱ्या बायका बघत होत्या, हा गुरवाचा पोरगा एकटाच काय हसतोय.

माझं विचारू नकोस. बाबांना अंघोळ मी घालतो. मी गेलो तर देवीला पाणी कोण घालणार? विषय संपला. तुझं बोलू.

तू चार पानं लिहिलीस आणि चारही पानांत एकच, जाऊ की नको. पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात, म्हणजे दोन वर्षं वाया. इथे एका वर्षात बी.एस्सी. होईल, मग बी.एड., मग गुहागरच्या सुपारीवाल्यांचं स्थळ आहेच. आत्या म्हणते ऑनर्स म्हणजे काय गं, पगार जास्त मिळतो का? तिथली मुलं इंग्रजीत बोलतील, मी बाकावर गप्प बसेन. दिवसभर लॅब, जमेल का.

स्वानंदी, एफ.वाय.ला आपण चांदीचा आरसा केला होता, आठवतं? बाकी सगळ्यांच्या नळीत काळी राड झाली. तू पाणी उकळलंस नाही, नुसतं कोमट ठेवलंस आणि नळी हलवू दिली नाहीस. मी हात लावला तर माझ्या हातावर चापट मारलीस. "थांब रे! किती घाई तुला!" आणि मग काचेवर आतून चांदी चढत गेली. तू नळी तोंडासमोर धरलीस. त्यात तुझा चेहरा लांबोडका, वाकडा दिसत होता आणि तू रडायला लागलीस. सर म्हणाले काय झालं, भाजलं काय? तू म्हणालीस, "नाही सर, झालं."

त्या दिवसापासून मला... त्या दिवसापासून मला वाटतं की तुझ्याइतकं या विषयासाठी जन्मलेलं माणूस रत्नागिरी तालुक्यात नाही. ती मुलं इंग्रजीत बोलतील ते सोड. आरसा इंग्रजीत होत नाही.

दोन वर्षं वाया म्हणतेस. तुझ्या अवनीताईची किती गेली? ताईच्या लग्नाच्या वेळी देवीने डावा दिला होता, बाबांनी स्वतः लावलेला कौल. आप्पा म्हणाले एवढं चांगलं घर आहे, आणि लावून दिलं. ताई कशी परत आली ते अख्ख्या वाडीने बघितलं. तेव्हापासून आप्पा कौलाशिवाय पाऊल टाकत नाहीत, यात त्यांची काय चूक? पण तू आधी स्वतः ठरव. देवीला प्रश्न विचारायला तुझ्याकडे प्रश्न तरी हवा.

जा. माझं ऐक. मी एरवी कुणाला चांगला सल्ला देत नाही.

मही

ता.क. सतरावा म्हणजे वाईट नाही ना? पाच महिन्यांपूर्वी मी त्या पेपरात शेवटचं गणित सोडलं होतं. ते केलं असतं तर बारावा तरी असतो.


खालची वाडी
५ जून २००१

स्वानंदी, अगं स्वानंदी,

मी येतोय!

बस आधी. बसलीस? आता ऐक. बाबांचे चुलतभाऊ संगमेश्वराकडे असतात, सखारामकाका. बायको गेली, मुलं मुंबईला, एकटेच. बाबांनीच त्यांना बोलावून घेतलं, मला न विचारता. मी देवळातून आलो तर काका ओसरीवर, सोबत पत्र्याची ट्रंक आणि एक कोंबडा. म्हणाले, "मी ऱ्हातो हितं. पूजा मी बघतो, तुझ्या बापाला, आत्मारामाला मी बघतो. तू जा शिकायला." मी बाबांकडे बघितलं. बाबा भिंतीकडे बघत होते. म्हणाले, "जा. सतरावा आलाय म्हणं. सतरावा काय वंगाळ हाय?" म्हणजे तुझी पत्रं दादू वाचतो की काय! नाहीतर बाबांना कळलं कसं?

मग मी सरांकडे गेलो. हो, त्याच सरांकडे. प्रवेशाच्या अर्जावर सही लागणार होती. तीन वेळा त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत फिरलो. शेवटी बेल मारली. ते बनियनवर होते. मला बघून इतके गोंधळले की आत जाऊन शर्ट घालून आले. म्हणाले, "ये. बस. चहा घेणार?" चहा त्यांनी स्वतःच टाकला. मग म्हणाले, "ते शिसंच होतं रे, गुरव." मी म्हटलं, "माहीत आहे सर." सही झाली. दारात म्हणाले, "तिकडे कोणी काही बोललं तर लगेच हात उचलू नकोस. जरा थांबायला शीक." मी हो म्हटलं. तेव्हा मनापासून म्हटलं.

मुलांचं हॉस्टेल मुलींच्या हॉस्टेलपासून लांब आहे म्हणे. असू दे की. लॅब तर एकच असेल.

आता तुझ्या पत्राचं. तू जायचं ठरवलंस, आईला सांगितलंस, आई हो म्हणाली, आप्पा म्हणाले कौल लावू. इथवर वाचून मी उडी मारली. आणि पुढे तू लिहितेस, "मही, समई उजवीकडे जरा जवळ सरकवशील?"

पहिल्यांदा डोकं फिरलं. पत्र चुरगळून टाकलं होतं, खरं सांगतो. मला वाटलं हिच्याही लेखी हा तमाशाच. मग रात्रभर... नाही, रात्रभर नाही, जेवण होईपर्यंत विचार केला. तुला दुसरा रस्ताच कुठे आहे? आप्पा तुझं ऐकणार नाहीत, आईचं ऐकणार नाहीत, ऐकतील तर फक्त एका ओल्या पाकळीचं. आणि ती पाकळी माझ्या हातात. तुला हे लिहिताना किती लाज वाटली असेल. तुझं अक्षर त्या ओळीत बारीक झालंय.

बाबांना विचारलं नाही. देवीला विचारलं. म्हटलं आई, चार बोटं सरकवतोय, रागावू नकोस. ती काही बोलली नाही.

तेव्हा निर्धास्त राहा. वीस तारखेला हजर व्हायचं आहे. पुण्यात भेटू. भेटू म्हणजे आधी रत्नागिरीच्या स्टँडवरच भेटू, गाडी एकच. मला तुला एक सांगायचं आहे, ते पुण्यात सांगेन. पत्रात नाही.

मही


१५ जून २००१
(हे पाठवायचं नाही)

स्वानंदी,

देवीवर हात ठेवून शपथ घेतली आहे की तुला सांगणार नाही. लिहिणार नाही असं म्हणालो नव्हतो. म्हणून लिहितोय. लिहून झालं की खाडीत.

आप्पा काल सकाळी आले. एकटेच. पांढरं धोतर, हातात नारळ आणि विडा. मी समई आधीच सरकवून ठेवली होती, चार बोटं नाही, चांगली वीतभर. जास्वंद स्वतः काढली. पाकळ्या ओल्या केल्या, उजवीला पाणी कमी, डावीला जास्त. एवढंही केलं. मग गाऱ्हाणं घातलं. "आई वाघजाई, सोहनींच्या घरचं लेकरू शिकायला परमुलखात जायचं म्हणतंय. जाण्यात त्याचं भलं असेल तर उजवा दे, नसेल तर डावा दे." आवाज कापला माझा. आप्पांना वाटलं असेल मी नवीन आहे म्हणून.

आणि थांबलो.

पडेना. उजवी नाही, डावी नाही. दोन्ही तशाच चिकटून, लाल, ताज्या. आप्पा हात जोडून उभे. समईची ज्योत सरळ. मी पाकळीकडे बघतोय आणि घाम पुसतोय, आणि घाम पुसताना एकदम कळलं. अगं, जून आहे! घरात मीठ पाझरतंय, काडेपेटी पेटत नाही, दोरीवरचं धोतर तीन दिवसांत वाळत नाही. माझे सगळे प्रयोग मार्चमधले, कोरड्या हवेतले. हवेतलं पाणी मी धरलंच नव्हतं. तू असतीस तर पहिल्यांदा हेच विचारलं असतंस.

आप्पांचे पाय दुखायला लागले. कट्ट्यावर बसले, पुन्हा उठले. "तुझा बाप असता तर आतापर्यंत लागला असता," म्हणाले. चिडून नाही, सहज. मी म्हटलं, "थांबा जरा आप्पा, लागेल." पुन्हा थांबलो. शेवटी त्यांनी उपरणं खांद्यावर टाकलं. म्हणाले, "देवी बोलत नाही. बोलत नाही म्हणजे नकोच समजायचं. एकदा मी तिचं ऐकलं नाही, आता पुन्हा नाही. गुहागरच्या मंडळींना कळवतो, रविवारी या म्हणून."

माझं डोकं गेलं. मी ओरडलो, "पाठवा तिला!"

आप्पा वळले. "काय म्हणालास?"

"पाठवा तिला आप्पा. ती तिसरी आली आहे. वीस पोरं घेतात, त्यात ती तिसरी. तिच्यासारखी दुसरी नाही. सुपाऱ्या मोजायला देऊ नका तिला!"

"हे देवी बोलते की तू?"

गुरवाने कौलाच्या वेळी स्वतःचं बोलायचं नसतं. आमच्या घरात कोणी बोललेलं नाही. देवी म्हणते, असं म्हटलं असतं तरी चाललं असतं ना गं? एक शब्द. पण समोर ती होती, आणि समई आधीच सरकवलेली, आणखी किती करायचं? मी म्हटलं, "मी बोलतोय."

"तू कोण?"

तेवढ्यावर गप्प बसायला हवं होतं. तिचा वर्गमित्र, म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "माझा जीव आहे तिच्यावर."

स्वानंदी, तुला मी हे कधी सांगितलं नाही. तुझ्याआधी तुझ्या वडिलांना कळलं.

मला वाटलं मारतील. मारलं असतं तर सोपं झालं असतं, मारामारी मला जमते. पण आप्पा पायरीवर बसले. खूप वेळ नारळाची शेंडी कुरवाळत होते. मग विचारलं, "तिला ठाऊक आहे?"

"नाही."

"यादीत तुझंही नाव आहे म्हणे."

"आहे."

"जाणार होतास?"

"हो."

"तरीच." मग म्हणाले, "हे बघ महिपत, माझ्या घरच्या प्रत्येक कार्याचा पहिला विडा तुझ्या बापाने देवीपुढे ठेवलाय. मी तुला वेडंवाकडं बोलणार नाही. आवाजही चढवणार नाही. पण तुम्ही दोघं एका गावात, एका कॉलेजात, आणि मी इथे आंब्याच्या पेट्या भरतोय, हे व्हायचं नाही. एक मुलगी माझी परत आली आहे. दुसरीच्या बाबतीत मी डोळे मिटणार नाही. देवीने डावाही दिलेला नाही, म्हणून एवढं तुझं ऐकतो. दोघांतलं एक जाईल. तू गेलास तर ती गुहागरला. ती जायची असेल तर तू इथे. सांग."

मी विचार केला असं लिहिलं तर खोटं होईल. नाही केला. मला दिसली ती नळी आणि त्यातला तुझा लांबोडका चेहरा. मी म्हटलं, "तिला पाठवा."

"आणि यातलं अक्षर तिला कळता कामा नये. कळलं तर ती जायची नाही, मी ओळखतो माझ्या पोरीला. देवीवर हात ठेव."

ठेवला. दगड गार होता. तुम्हाला सगळ्यांना तो लांबून दिसतो, माझ्या हाताला ठाऊक आहे, तरी इतका गार कधी लागला नव्हता. बोललो जे बोलायचं ते. आप्पांनी नारळ ठेवला, विडा ठेवला, नमस्कार केला. जाताना माझ्या खांद्यावर हात टेकवला. तो हात मला अजून जड लागतोय. दुष्ट माणूस नाही गं तुझा बाप. असता तर बरं झालं असतं.

ते पायऱ्या उतरले. दीपमाळेपर्यंत गेले असतील. मी तसाच उभा, देवीकडे बघत. आणि उजवी पाकळी पडली.

आपोआप. मी हात लावला नव्हता. आधी टोक सुटलं, मग जरा लोंबली, मग पडली. डावी तशीच चिकटून.

हाक मारली असती तर ऐकू गेली असती. दीपमाळ काय लांब आहे? "आप्पा, लागला! उजवा लागला!" म्हटलं असतं. ते परत आले असते. पण परत येऊन काय? जे बोललो ते थोडंच परत आलं असतं? आप्पांना आता ठाऊक आहे, आणि माझा हात देवीवरून नुकता खाली आलेला. मी तोंड उघडलं आणि मिटलं. पुढच्या वळणावर ते दिसेनासे झाले.

चहाला पाणी उकळेपर्यंत थांबलो असतो ना, स्वानंदी, तर आपण दोघं त्या गाडीत असतो. कौल उजवा, आप्पा खूश, कोणाला काही कळलं नसतं. पुण्यात मी तुला सांगितलं असतं. तू नाही म्हणाली असतीस कदाचित. नाही तर नाही. पण मी तुला सांगितलं असतं.

बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी समईचंही ऐकून घेतलं, शिवी दिली नाही. डाव्या हाताने माझ्या तोंडावरून हात फिरवला. डावा हात अजून सरावलेला नाही, बोट डोळ्यात गेलं. म्हणून डोळे लाल आहेत, असं मी सखारामकाकांना सांगितलं. काका म्हणाले मग मी आता परत जाऊ काय? मी म्हटलं राहा. घरात माणूस बरा.

मला तुझा राग येतोय. का ते ठाऊक नाही. काहीच केलेलं नाहीस तू. मला त्या लॅबमध्ये जायचं होतं गं. तू नसतीस तरी जायचं होतं. हे मी कोणाला म्हणालो नाही, आप्पांनाही नाही. सगळ्यांना वाटतं मी तुझ्यामागे चाललो होतो.

आता दुसरं लिहायला घेतो, पाठवायचं.


खालची वाडी
१६ जून २००१

स्वानंदी,

कौल उजवा पडला. आप्पांनी सांगितलंच असेल तुला, पाठवतो म्हणून. अभिनंदन.

मी येत नाही. मागच्या पत्रात उगाच उड्या मारल्या, त्या विसर. मला आता त्या विषयाचा कंटाळा आला आहे. पुन्हा पहिल्या वर्षापासून तेच ते, तीन वर्षं नळ्या धुवायच्या, ते माझ्याच्याने होणार नाही. इथे माझं बरं चाललं आहे. मान आहे, गावकरी विचारून वागतात. सतराव्या जागेवर दुसरं कोणीतरी जाईल, त्याचं भलं होईल.

तू रागावशील. मग दोन पानं लिहून विचारशील की खरं काय ते सांग. तर खरं हेच आहे. मी असाच आहे, डोकं फिरलं की सोडून देतो, तुला माहीत आहे. पत्र टाकू नकोस. दादू वाचतो आणि वाडीभर करतो. मी उत्तर देणार नाही.

तुला एक सांगायचं होतं म्हणालो होतो, ते काही विशेष नव्हतं. विसरलोही.

पुण्याला कोणी इंग्रजीत बोललं तर मराठीत उत्तर दे, ते समजतील. नाही समजले तर त्यांची अडचण.

स्टँडवर मी नसेन. सकाळची पूजा असते. आप्पा येतील सोबत, तेव्हा सामानाची काळजी नको. खिडकीकडची जागा घे. आणि घाट लागला की मागे वळून बघत बसू नकोस, तुला उलटी होते. पुढे बघून बस.

महिपत